वीस तारखेची भांडी

बोरटेक, ता. शहादा
बुधवार, ४ मार्च २०२६

दामिनी,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी ऐकून घे. तुझ्या त्या कॅलेंडराने माझं नाक कापलं. दिवाळीत येऊन तूच बसवून गेलीस ना ते? म्हणे फुई, वहीत खाडाखोड होते, बाया भांडतात, कॉम्प्युटरात घाल म्हणजे कोणी कोणाचं नाव खोडणार नाही. आता पाहा कसं खोडलं ते.

आपल्या कानबाई बचत गटाचा कायदा तुला माहीत आहे. टोप, कढया, पराती, मांडव, सगळं बारा बायांचं. ज्याचं नाव आधी लिहिलं त्याची भांडी. मग तो बागाईतदार असो की मजूर. सहा वर्षं मी अध्यक्ष आहे, एकदाही बोल लागला नव्हता.

गजराबाई आपल्या गटातलीच, कापूस वेचायला येते ती. तिच्या आशाचं लग्न वीस फेब्रुवारीला. जानेवारीतच तिने येऊन तारीख सांगितली, गटाच्या नोंदी ठेवणाऱ्या मोहिनीने माझ्यासमोर कॉम्प्युटरात घातली. एकोणीस तारखेला दुपारी गजराबाई ट्रॅक्टर घेऊन भांडी न्यायला दारात उभी, आणि कॉम्प्युटरात तिचं नावच नाही! वीस तारखेला फक्त तुझ्या भावाचा, योगेंद्रचा साखरपुडा. भांडी तर सकाळीच नदीपलीकडे माझ्या दादाकडे, तुझ्या बाबांकडे गेलेली. आता नदीपलीकडून परत आणू का काय?

बाईने वीस घरांतून पातेली गोळा केली. भात खालून करपला, वरून कच्चा. वरात चार वाजेपर्यंत उपाशी. आशाची सासू धानोऱ्याची भिकुबाई, तिने भर मांडवात तोंड सोडलं. तेव्हापासून आशाला एकदाही माहेरी पाठवलेलं नाही आणि आता सांगते की आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणालाही पाठवणार नाही. म्हणते, "ज्या घरमा पाव्हणाले वखतवर ताट नही, त्या घर सून कसाले धाडू?" लग्नानंतरची पहिली आखाजी, आणि पोर सासरी! गजराबाई माझ्याकडे येऊन रडते. मी काय करू?

फोन लावला की बाई सांगते संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणून हे पत्र गोवालच्या जीपने पाठवते. मशीनचं दुखणं असं: वीज गेली की सालच बदलतं, दोन हजार नऊ दाखवतं. मोहिनीच्या फोनमध्ये एक, कॉम्प्युटरात दुसरंच. काही नावं दोन-दोनदा. हे कसं नीट करायचं ते लिही, चौथी पास बाईला कळेल असं. आणि वेगळ्या कागदावर सही करून लिहून दे की दोष मशीनचा आहे. मीटिंगमध्ये वाचून दाखवायचा आहे. बाया माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहतात.

आशीर्वाद.
तुझी फुई
सुगंधाबाई


आरोग्य उपकेंद्र, धडगावच्या पुढे
सोमवार, ९ मार्च २०२६

ती. फुईस नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साखरपुड्याला मी होते, त्याच टोपांतली बासुंदी मी दोनदा मागून घेतली, आणि नदीच्या तुझ्या काठावर त्याच दिवशी वरात उपाशी बसली होती हे मला कोणीच सांगितलं नाही.

आधी मशीनचं. साल बदलतं त्याचं कारण सोपं आहे. कॉम्प्युटरच्या आत घड्याळाच्या सेलसारखा एक गोल सेल असतो. वीज गेली तरी तारीख लक्षात ठेवायचं काम त्याचं. तो संपला आहे. तारीख चुकली की कॉम्प्युटर बाहेरच्या कॅलेंडरशी बोलायचं बंद करतो, मोहिनीने घातलेलं पुढे जात नाही. दिसत नाही म्हणून ती पुन्हा घालते, मग कधीतरी दोन्ही एकदम जातात आणि नाव दोनदा दिसतं. तेव्हा शहाद्याहून नवा सेल आणून बसवून घे. मग खाली कोपऱ्यात घड्याळावर जाऊन तारीख-वेळ आपोआप घेऊ दे, आणि भारताची वेळ निवड. कॅलेंडर उघडल्यावर वर गोल बाण आहे, तो दाब. मोहिनीच्या फोनमध्येही गटाचं कॅलेंडर चालू आहे ना ते बघ. या एवढ्याने पुढचं सुरळीत होईल.

पण फुई, एक गोष्ट मला पटत नाही. एका दिवसावर दोन नावं आली तर दोन्ही दिसतात. एकाने दुसरं पुसलं जात नाही. गजरामावशीचं नाव कोणीतरी काढल्याशिवाय जाणार नाही. मुद्दाम नाही, चुकून. काढलेली नावं केराच्या टोपलीत पडतात. कॅलेंडरच्या उजवीकडे वर दातेरी चाकाचं चित्र आहे, ते दाब, त्यात टोपली दिसेल. तिथे नाव आणि काढल्याची तारीख दोन्ही असतं. पण ते तीसच दिवस राहतं, नंतर कायमचं जातं. माझ्या फोनवर ती टोपली उघडत नाही आणि इथल्या सरकारी कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडायला बंदी आहे. म्हणून हे तुलाच पाहावं लागेल, आणि पत्र मिळाल्या दिवशीच. मोहिनीला शेजारी बसव.

तो कागद मी आत्ता देत नाही. रागावू नकोस. काय झालं ते कळल्याशिवाय सही कशी करू? एक गोष्ट मलाही टोचते आहे, पण टोपली पाहिल्याशिवाय ती लिहीत नाही.

तुझी
दामिनी


बोरटेक
शुक्रवार, २० मार्च २०२६

दामिनी,

उशीर झाला म्हणून बोंबलू नकोस. केळीची कापणी होती, ट्रकवाला तीन दिवस बसवून ठेवतो आणि चौथ्या दिवशी पहाटे येतो. मग पाडवा. मला काय तुझ्यासारखी खुर्ची आहे?

सेल बसवला. शहाद्याच्या दुकानदाराने कॉम्प्युटरचं पोट उघडलं तर आत पालीचं वाळकं पिल्लू. म्हणतो, "मावशी, यानाच हात लागना व्हयी." मी म्हटलं, तू सेल बसव, थट्टा घरी जाऊन कर. आता वीज गेली तरी साल जात नाही. गोल बाण दाबला. मोहिनीने फोनमध्ये लिहिलेलं दोन मिनिटांत कॉम्प्युटरात येतं. दोनदा आलेली नावं तिने एकेक वाचून काढली. कॅलेंडर ठणठणीत आहे.

टोपली पण पाहिली. रिकामी आहे. मोहिनीने आत्ता काढलेली दोनदाची नावं सोडली तर काही नाही त्यात. म्हणजे मशीनने खाल्लं, दुसरं काय? तू शिकलेली, तुला पटत नाही, पण मशीनचं कोणाला कळतं. वीज गेली असेल तेव्हा गेलं असेल.

आता तरी कागद पाठव. लांबवू नको. भिकुबाई हेका सोडत नाही आणि गजराबाई रोज माझ्या ओट्यावर. आशाने म्हणे सासरी शेजारणीच्या फोनवरून विचारलं, मा, झोका बांधला का. आखाजीला महिना राहिला आहे.

फुई


उपकेंद्र
गुरुवार, २६ मार्च २०२६

ती. फुईस,

टोपली रिकामी म्हणतेस तेव्हा आता मला सांगावंच लागेल. गोवालकाका म्हणाले की माझं पत्र त्यांनी दहा तारखेलाच तुझ्या हातात दिलं होतं. तू कामात होतीस, तुला बोल नाही. पण तीस दिवस उलटून गेले आणि आता पुरावा कुठेच उरला नाही. उरलं ते माझ्या डोक्यात आहे.

ऐक. योगेंद्रचा साखरपुडा आधी सत्तावीसला होता. मुलीकडच्यांनी तो वीसवर आणला तेव्हा बाबांनी गोवालकाकांसोबत चिठ्ठी पाठवली. मी इथे उपकेंद्रात बसूनच फोनमध्ये त्याची तारीख वीस केली. वीस तारीख मोकळी दिसत होती. का नाही दिसणार? मी शेवटची धडगावला गेले ती पंचवीस जानेवारीला, गजरामावशीचं नाव त्यानंतर लिहिलं गेलं. इथे रेंजच नाही, माझा फोन महिनाभर जुनंच दाखवत होता.

अठरा फेब्रुवारीला साखरपुड्यासाठी खाली उतरले. धडगावला रेंज आली आणि सगळं एकदम भडाभडा आलं. किती नावं दोनदा होती. घाटात जीप हलत होती, मांडीवर एका बाईचं कोंबडं, आणि मी बसल्या बसल्या दोनदाची नावं काढत होते. वीस तारखेवरचंही एक काढलं. योगेंद्रचंच दुसरं समजून काढलं. वाचलं का? फुई, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. रोज डोळे मिटून ती जीप आठवते आणि रोज त्या नावाच्या जागी मला वेगळं काहीतरी दिसतं.

माझ्याशिवाय कोणाच्या हातून जाणार? मोहिनी तर इतकी जपून काम करते. तू त्या बटणांना हात लावत नाहीस.

म्हणून सोबत कागद पाठवते आहे. तू मागितलास तसा नाही. त्यात लिहिलंय की दोष मशीनचा नाही, माझा आहे, आणि गजरामावशीची मी माफी मागते. मीटिंगमध्ये वाच. भिकुबाईंनाही दाखवा. त्यांचा राग गजरामावशीवर का म्हणून? तो माझ्यावर येऊ दे, म्हणजे आशाला तरी सोडतील.

तुझी
दामिनी


बोरटेक
गुरुवार, २ एप्रिल २०२६

दामिनी,

असला कागद मी मागितला नव्हता. मशीनचं नाव लिही म्हटलं तर स्वतःचं लिहून पाठवलंस. अकलेचा कांदा. आठवत नाही म्हणतेस ना? मग नसेल झालं. न आठवणारी गोष्ट अंगावर घ्यायची कोणी सांगितली?

मी तो कागद मीटिंगमध्ये वाचला नाही. कपाटात ठेवला आहे. नोकरी करतेस, अजून लग्न व्हायचंय, बाया उद्या काय बोलतील त्याचा विचार केलास? सरळ चार ओळी लिही, सेल संपला होता म्हणून नाव गेलं. सेल संपलाच होता. खोटं कुठे आहे त्यात?

काल गजराबाईचा भाऊ मुराळी म्हणून आशाला आणायला धानोऱ्याला जाऊन आला. भिकुबाईने पाणी दिलं, चहा दिला, पोर नाही दिली. म्हणाली, "आते आमना घरना ताटमा जेवी ऱ्हायनी ती, तुमना घर भुकी का ऱ्हावाडू?" तो माणूस मोटारसायकल घेऊन तसाच परत आला. आशा दारापर्यंत आली होती म्हणे, पिशवी भरून.

कागद लवकर पाठव. आणि जेवत जा. गोवाल म्हणतो तू वाळली आहेस.

फुई


उपकेंद्र
मंगळवार, ७ एप्रिल २०२६

ती. फुईस,

तू मला पाठीशी घालते आहेस हे कळलं. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? तोंडाने फटकारतेस आणि पदराखाली घेतेस. लहानपणी मी दुधाचं पातेलं उलथलं तेव्हा आईला तू सांगितलंस की मांजर होतं. पण हे दूध नाही, फुई.

पिशवी भरून दारापर्यंत आलेली आशा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इथलं काम तारखांचं आहे. कोणाला कधी लस, कोणाला कधी तपासणी, कोणाचं बाळंतपण कधी. परवा एका बाईची पुढची तारीख लिहिताना हात थांबला तो थांबलाच. तीनदा लिहिली, तीनदा खोडली. बाई म्हणाली, "नर्सबाई, तब्येत बरी नाही का?" माझ्या हातून एक नाव गेलं तर दुसरंही जाऊ शकतं, असं सारखं वाटतं. मोठ्या बाईंना सांगून नोंदींचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं असा विचार चालला आहे.

तू वाचणार नाहीस म्हणून तोच मजकूर मी मोहिनीला वेगळा पाठवला आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तिने तो वाचलाही असेल. शनिवारी, आखाजीच्या आदल्या दिवशी मी येते. गजरामावशीच्या पाया पडेन आणि कॅलेंडरचं खातं मोहिनीच्या नावावर करून देईन. मला त्यात पुन्हा बोट घालायचं नाही.

माझ्यासाठी आता खोटं बोलू नकोस, फुई. तुझ्यावर तो भार नको.

दामिनी


बोरटेक
रविवार, १२ एप्रिल २०२६

दामिनी,

आज सकाळी गजराबाई येऊन गेली. मोहिनीने तुझा कागद काल तिला वाचून दाखवला, दोनदा. बाई ओट्यावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "सुगंधाबाई, तुम्हले लिखता येस. त्या पोरले लिखा, मन्हा मनमा काहीच नही. नादान शे ती, जीपमा व्हती, चूक व्हयनी. तिले सांगा, जेवाले लाग." मी म्हटलं, लिहिते. तर म्हणते, "आते लिखा, मन्हासमोर." कागद घेऊन बसले. पेन चाललं नाही. म्हटलं, शाई संपली, नंतर लिहीन. गेली.

शाई संपली नव्हती.

ती समोर बसून ज्याची माफी देत होती ते तू केलेलं नाहीस. नाव मी काढलं.

पुन्हा वाच. मी काढलं. मशीनने नाही, तू नाही, विजेने नाही. सोळा फेब्रुवारीला, दुपारी, जेवण झाल्यावर.

दादा आला होता त्या दिवशी. साखरपुडा वीसवर आला म्हणाला, मुलीकडचे मोठे लोक, पाचशे पान. म्हणाला, सुगंधा, भांडी शहाद्याहून आणू का तुझी मोकळी आहेत? बस, एवढंच विचारलं. त्याला गजराबाईचं काही माहीत नव्हतं, अजूनही नाही. मी म्हणू शकले असते की दादा, त्या दिवशी लागली आहेत. तोंडातून निघालं नाही. माझ्या भावाने बहिणीचा गट असताना दुकानातून भांडी आणायची? लोक काय म्हणतील, तुझी आई काय म्हणेल! मी म्हटलं, मोकळी आहेत की. तो चहा पिऊन गेला.

मग मी कॉम्प्युटरजवळ बसले. तू म्हणतेस मी बटणांना हात लावत नाही. मोहिनीने शिकवलं होतं. वीस तारखेला दोन नावं होती, तुझ्या भावाचंही दादा गेल्यावर माझ्या सांगण्यावरून मोहिनीने तिच्या फोनमधून घातलेलं, तिथे गजराबाईचं दिसत नव्हतं. मी गजराबाईच्या नावावर बाण नेला. मशीनने विचारलं, काढायचं का. हो म्हटलं. पुन्हा विचारलं नाही त्याने.

तुला वाटेल, फुईचं काळीज दगडाचं. माझ्या डोक्यात होतं की गजराबाईसाठी शेजारच्या गावच्या गटाची भांडी आणून देऊ, तिला काय, टोप ते टोप. मंगळवारी माणूस पाठवला, त्यांची पण लग्नात गुंतलेली. बुधवारी धाडस झालं नाही. गुरुवारी सकाळी भांडी दादाकडे रवाना केली आणि दुपारी ती ट्रॅक्टर घेऊन आली. चार दिवस होते माझ्याकडे. तिला सोळालाच सांगितलं असतं तर तिने कुठूनही केली असती सोय. मी सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे का ते सांगायचं.

आणि ट्रॅक्टर दारात आल्यावर मी काय केलं ते पण ऐक. कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला. म्हटलं, बघ, कुठे आहे तुझं नाव? दामिनी, त्या बाईला वाचता येत नाही. मला माहीत आहे तिला वाचता येत नाही, गटाच्या कागदावर तिचा अंगठा मीच धरून लावते. तिने त्या काचेकडे नीट वाकून पाहिलं. वरून खालपर्यंत. आणि मान हलवली. म्हणाली, "हां, नही शे." ते "नही शे" दोन महिने माझ्या कानात आहे.

तुझं पहिलं उत्तर मला दहालाच मिळालं. गोवाल खोटं बोलत नाही. टोपलीचं वाचलं आणि त्याच दिवशी एकटीनेच उघडली. होतं तिथे. गजराबाई, आशाचं लग्न, वीस फेब्रुवारी, आणि काढल्याची तारीख सोळा. परत आणायचं बटण पण होतं. बंद केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटं मोजली, अठराला तीस दिवस भरतात. केळीची कापणी दोन दिवसांत आटोपली होती. मी वाट पाहत बसले, बस. पाडव्याला पुन्हा उघडली, ते नाव गेलेलं. त्या दिवशी पुरणपोळी घशाखाली उतरली माझ्या. वीसला तुला लिहिलं, रिकामी आहे.

मला वाटलं संपलं. टोपली रिकामी म्हणजे कोणावर येणार नाही. ते तुझ्यावर जाऊन बसेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझा माफीचा कागद आला तेव्हा आधी, खरं सांगते, बरं वाटलं. एक घटकाभर. मग दुसऱ्यांदा वाचला आणि कपाटात घातला. पुढच्या पत्रात तू लिहिलंस फुई मला पाठीशी घालते. तुझ्या आईला मांजर सांगितलं ते पण आठवलंस. मी ते पत्र चुलीजवळ नेलं होतं, जाळलं नाही.

जीपमध्ये तू जे काढलंस ते योगेंद्रचंच होतं, दहाला टोपलीत अठरा तारखेने मी ते पाहिलं. तू त्याची तारीख वीस केलीस आणि इकडे मोहिनीने वेगळं घातलं होतं, म्हणून दोनदा. तू अठराला काढलंस. गजराबाईचं नाव सोळालाच गेलेलं होतं. जे नव्हतंच ते तू कसं काढशील? तेव्हा तुझ्या तारखा बरोबर आहेत. नोंदींचं काम कोणाला देऊ नकोस. दिलंस तर मी धडगावला येऊन तुझ्या मोठ्या बाईंसमोर बोलेन, मग लाज वाटली तरी.

आता काम ऐक. गजराबाई गेल्यावर मी तडक मोहिनीकडे गेले आणि सांगितलं, नाव मी काढलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, "काकी, भाचीले वाचाडी ऱ्हायन्यात का? आम्हले समजस." मी शपथ घेतली तर म्हणते, फुई असावी तर अशी! माझं खोटं दोन महिने सगळ्यांना खरं वाटलं आणि खरं बोलले तर कोणी ऐकत नाही, कारण तुझा कागद पुढे गेला आहे, तुझ्या सहीचा. गुरुवारी मीटिंग आहे. मी उभी राहून सांगेन, पण बाया मोहिनीसारख्याच माना डोलवतील. शुक्रवारी मी धानोऱ्याला भिकुबाईच्या दारात जाणार आहे. गजराबाईचा भाऊ सोबत येईल, पण बोलायचं मला. तिला सांगेन की बाई, वरात उपाशी राहिली ती माझ्यामुळे, या घराची काही चूक नाही, पोरीला आखाजीला सोडा, मला काय बोलायचं ते बोला. तिथेही ती म्हणेल की कागद तर पोरीचा आहे. मग?

म्हणून तुझ्या हाताने दुसरा कागद पाहिजे. लिही की आधीचा कागद चुकीचा होता, अठराला नाव तिथे नव्हतंच, सोळाला ते सुगंधाबाईने जाणूनबुजून काढलं आणि तीन पत्रांत तुला खोटं लिहिलं. माझी पत्रं पण सोबत परत पाठव, सगळी. मोहिनी वाचेल. "जाणूनबुजून" हा शब्द गाळू नकोस. तू मऊ आहेस, गाळशील.

दादाला मी सांगेन, मीटिंगनंतर, तू मध्ये पडू नकोस. त्याला वाईट वाटेल, मुलाच्या साखरपुड्याचं गोड होतं ते. वाटू दे. अध्यक्षपद पण सोडते आहे, किल्ली मोहिनीला देईन, बायांना हवं तर भांड्यांनाही हात लावणार नाही.

तू मला फुई म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव, त्याची घाई नाही. गजराबाईचा निरोप वर लिहिला आहे, पण तो घेऊ नकोस, तो तुझा नाही. आणि तिने माझ्यासाठी अजून काही पाठवलेलं नाही.

घाई कागदाची आहे. गोवाल बुधवारी दुपारी खाली उतरतो, त्याला मी सांगून ठेवलं आहे की दामिनीकडून घेतल्याशिवाय गाडी काढायची नाही. त्याने विचारलं काय आहे त्यात. मी सांगितलं त्याला पण.

बुधवार, पंधरा तारीख. मोटरस्टँडवर मी उभी असेन. देतेस की नाही?

सुगंधाबाई